चिंचेनं मोडलेला हरताळ

निजामाच्या पोलिसांनाही सहज मोडता आला नसता, असा एक हरताळ मी एकटीनं मोडला. लाठी चालवली नाही, चहाडी केली नाही. मूठभर चिंच, वाटीभर राख आणि सासूबाईंची शाबासकी, एवढ्यावर काम भागलं.

आमची नात इथल्या विद्यापीठात नोकरीला आहे आणि तिथल्या कर्मचारी संघटनेत तिचं बरंच चालतं. तिच्या गेटसभेला मला हौसेनं नेतात, पुढच्या खुर्चीत बसवतात, गळ्यात हार घालतात आणि माइकवरून सांगतात, ‘आजींनी निजामाच्या काळातला लढा जवळून पाहिला आहे.’ पाहिला आहे ना! टांग्याच्या पडद्याआडून पाहिला आहे. मी हार घालून घेते, पेढा खाते आणि गप्प बसते. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मान थोडी खाली घालते; त्यांना तो विनय वाटतो. पण आता लिहायलाच बसले आहे तर खोटं कशाला लिहू? त्या लढ्यात मी होते. दुसऱ्या बाजूनं होते एवढंच, आणि तेही मला ठाऊक नव्हतं.

तर तेव्हाची मी, ती मुलगी, कशी होती ते आधी सांगते. नाकात नथ आणि नथीच्या वर शहाणपण. नगरकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून, लग्न होऊन इथं मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आलेली. तिचे वडील मामलेदार कचेरीत कारकून, त्यामुळं सरकार कसं चालतं हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक आहे असा तिचा समज. तिच्या माहेरी कलेक्टरसाहेबाची तपासणी यायची असली की कचेरीतले शिपाई आदल्या दिवशी आपले पट्टे घरी आणून टाकायचे. पट्टा कातड्याचा, त्यावर नंबर कोरलेला पितळी बिल्ला. तिची आई ते बिल्ले चिंचेनं घासून द्यायची. ‘शिपायाचा बिल्ला काळा तर कारकुनाचं तोंड काळं,’ असं वडील म्हणत. पोरीच्या डोक्यात हे वाक्य असं ऐसपैस बसलं होतं की दुसऱ्या कशाला तिथं जागाच उरली नव्हती.

आमचे हे इथल्या कॉलेजात लेक्चरर होते. कॉलेज हैदराबादच्या विद्यापीठाच्या हाताखालचं, त्यामुळं शिकवणं सगळं उर्दूत. हे गणित शिकवत, पण गणित म्हणायचं नाही, रियाझी म्हणायचं. त्रिकोणाला मुसल्लस म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदरात तोंड घालून इतकी हसले की ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. उर्दू शिक म्हणाले, तर मी म्हटलं, ‘मला काय करायचंय? भाजीवाली मराठीच बोलते.’ तिथंच माझं शिक्षण संपलं.

आमचं घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सगळ्या राज्यात सुट्टी. दुपारी कॉलेजातले शिपाई, पाणी भरणारे, प्रयोगशाळेतली बाटल्या धुणारी माणसं आमच्या ओसरीवर ‘पान खायला’ येत. सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे, आणि शिपायांच्या सभेला परवानगी कोण देतो? म्हणून पान. आपल्या जमावाला ते अंजुमन म्हणत. त्यांचा म्होरक्या कॉलेजचा म्हातारा दफ्तरी, पुस्तकांची बांधणी करणारा, बोटांना कायम खळ चिकटलेली. हे त्यांच्यात बसून सरकारी कायदा समजावून सांगत. लेक्चरर माणूस शिपायांच्या पंगतीला बसतो याचं त्या लोकांना फार अप्रूप होतं आणि ह्यांना स्वतःला तर त्याहून जास्त होतं. आतल्या दाराआड मी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायची. बाहेरचं सगळं बोलणं उर्दूत. माझ्या लेखी ते लोक पान खायलाच येत होते, आणि फार पान खात होते.

आता त्या वेळी जे मला ठाऊक नव्हतं ते तुम्हांला आधीच सांगते, म्हणजे माझ्या मूर्खपणाची चव नीट कळेल.

कॉलेजात एक फर्राश होता. सतरंज्या अंथरणं, झटकणं, दिवाबत्ती करणं हे त्याचं काम. पिशोर गावचा मुसलमान, कामावर उर्दू, घरात मराठी. नवरा-बायको कॉलेजच्या आवारात शिपायांच्या खोल्या होत्या त्यांतल्या एकीत राहत. कॉलेजचे मोठे साहेब, म्हणजे प्रिन्सिपल, यांना सरकारी माणसं आपल्या बंगल्यावर राबवायची खोड होती. एकानं त्यांची म्हैस धुवायची, एकानं बागेला पाणी घालायचं. एका जुम्म्याला त्यांनी फर्राशाला बंगल्यावरचे गालिचे झटकायला बोलावलं. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर म्हणाला, “कॉलेज की सतरंजियाँ मेरी, साब. बंगले के गालीचे आपके.”

झालं! भर व्हरांड्यात त्याच्या कमरेचा पट्टा उतरवून घेतला. पट्टा उतरला की माणूस कामावरून दूर. कायमचं काढून टाकायला मात्र हैदराबादची मंजुरी लागे, आणि ती द्यायला तिथले एक बडे साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी मान डोलावली की फर्राशाची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर राहती खोलीही गेली.

आता त्या बड्या साहेबांच्या कानावर घालायचं कसं? वरिष्ठापुढं शिपायानं आपणहून तोंड उघडायचं नाही, हा तिथला अदब. अर्ज करावा तर तो मोठ्या साहेबांच्याच हातून वर जाणार, म्हणजे जाणारच नाही. पण वरिष्ठानं विचारल्यावर उत्तर देणं हा काही गुन्हा नव्हता. तेव्हा अंजुमननं ठरवलं की त्यांना विचारायलाच लावायचं. तपासणीच्या दिवशी सगळ्यांनी वेळेवर यायचं, रांगेत उभं राहायचं, सांगतील ते काम करायचं. फक्त कुणाच्याही कमरेला पट्टा नसायचा. बिनपट्ट्याचे शिपाई साहेबापुढं उभे म्हणजे लग्नात सगळ्या सवाष्णी बिनकुंकवाच्या. कुणीही विचारील, ‘हे काय?’ मग दफ्तरीनं पुढं होऊन सांगायचं, ‘हुजूर, एकाचा उतरवला म्हणून आम्ही सगळ्यांनी उतरवले,’ आणि गालिच्याची हकिकत सगळ्यांदेखत ऐकवायची.

पण शिपायांवरचा जमादार मोठ्या साहेबांच्या खास मर्जीतला. त्याला वास लागला असता तर खोल्यांची झडती घेऊन त्यानं पट्टे जबरदस्तीनं बांधायला लावले असते. पट्टे आवाराबाहेर हवे होते. तेव्हा आमचे हे छाती पुढं काढून म्हणाले, “माझ्या घरी ठेवा. लेक्चररच्या घराची झडती कोण घेतो?”

झडती कुणी घेतली नाही. झडतीपेक्षा वाईट वस्तू त्या घरात होती. मी होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी दफ्तरी रद्दीचं म्हणून एक पोतं आणून टाकून गेला. हे ते पोतं ओढत आत आले.

“काय आहे हो त्यात?”

“कॉलेजचं सामान. न्हाणीघराच्या माळ्यावर टाकतो. आईला बोलू नकोस. उद्या हैदराबादचे साहेब येऊन गेले की दफ्तरी घेऊन जाईल.”

“पण सामान कसलं?”

“तुला त्यातलं काही कळायचं नाही.”

एवढं एक वाक्य बोलले नसते तर मी कदाचित पोत्याला हात लावला नसता. अंजुमनला न्याय आणि हक्क शिकवणाऱ्या माणसाला घरात बायकोला चार शब्द सांगता येत नव्हते. हे बाहेर पडले आणि मी माळ्यावर चढले.

पोत्यात पट्टे होते, आणि बिल्ले असे काळे-हिरवे पडलेले की नंबरसुद्धा दिसेना. माझ्या डोक्यात माहेरची कचेरी लख्ख उजळली. उद्या तपासणी, शिपायांचे बिल्ले काळे, आणि बिचाऱ्यांनी ते रियाझीवाल्यांच्या घरी आणून टाकलेत. कशासाठी? उघड आहे! आणि ह्या खुळ्या गणितवाल्याला ते कळलं नाही, त्यानं माळ्यावर टाकून दिले. ‘तुला त्यातलं काही कळायचं नाही’ म्हणे! मला तर त्यातलं सगळं कळलं होतं. त्या दिवशी औरंगाबादेत माझ्याइतकं सगळं कळलेली बाई दुसरी नसेल.

आडाजवळ बसले. चिंच भिजवली, राख घेतली, आणि पदर खोचून एकेक बिल्ला असा घासला की नंबरांच्या खाचांत काडी घालून मळ काढला. कातड्यावर तेलाचा हात फिरवला. सूर्य खाली उतरता उतरता सासूबाई कीर्तनाहून आल्या आणि दारातच थबकल्या.

“हे काय मांडलंयस? कातड्याला शिवलीस?”

मी सांगितलं. त्यांनी नाकाला पदर लावला. “मेलं आता सगळं घर शिंपडून घ्यावं लागणार. उठलीस की डोक्यावरून पाणी घे.” मग एका बिल्ल्याकडं वाकून पाहिलं. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी कपाळावरचं गंध नीट केलं. “हं. हात आहे तुला.”

लग्न झाल्यापासून त्या बाईनं माझ्याबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. माझी भाकरी जाड, माझी रांगोळी वाकडी, माझं माहेर दरिद्री, माझी चाल पुरुषासारखी, हे रोजचं होतं. त्या एका ‘हात आहे तुला’वर मी सगळ्या शहराचे बिल्ले घासून दिले असते.

“पण सासूबाई, हे म्हणाले की साहेब येऊन गेल्यावर दफ्तरी नेणार.”

“येऊन गेल्यावर? मग घासून उपयोग काय? नवरी वाटेला लावल्यावर हळद वाटायची का? माझ्या पोराला व्यवहार कधी कळला? सकाळी तूच जाऊन देऊन ये. टांगा मी सांगते. आणि त्याला आत्ता बोलू नकोस, सरळ ‘नाही’ म्हणेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शेरवानी घालून, डोक्याला दस्तार बांधून निघाले. शेरवानीवर बगलूस. ज्यांनी मोगलाई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: बगलूस म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, पुढं मोठं चकचकीत बक्कल. वरिष्ठापुढं जाताना अंमलदारांनी, लेक्चररांनी तो बांधलाच पाहिजे असा दंडक. शिपायाला बिल्ला तसा साहेबाला बगलूस. त्याचं बक्कलही मीच घासलं होतं. हे आरशात पाहून खूश झाले, घास घाईघाईनं गिळले आणि गेले.

मागोमाग मी. पाटीत पट्टे रचलेले, वर धुतलेला पंचा झाकलेला, जसा काही नैवेद्यच. टांग्याला पडदा. कॉलेजच्या फाटकाशी मोठ्या मिशांचा एक माणूस उभा होता. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मिशा म्हणजे माणूस जबाबदारच असणार. तो जमादार होता.

“कोण पाहिजे, बाई?”

“हे पट्टे घ्या. सगळ्यांचे घरी राहिले होते. साहेब यायच्या आत देऊन टाका त्यांना.”

त्यानं पंचा उचलला. क्षणभर त्याच्या मिशा हलल्याच नाहीत. “कुणाच्या घरी राहिले होते म्हणलात?”

नवऱ्याचं नाव कसं घेणार? “रियाझीवाल्या साहेबांच्या,” मी म्हटलं, आणि त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा ठणठणीत म्हटलं.

“लई उपकार झाले, बाई,” जमादार म्हणाला. “मोठ्या साहेबांना सांगतो मी. नक्की सांगतो.”

मी फुगले. इतकी फुगले की टांगेवाल्याला सांगितलं, जरा त्या लिंबाखाली थांबव, मला बघायचंय. आपण घासलेलं पितळ उन्हात कसं दिसतं ते बघायचं होतं मला! लिंबाखाली आधीच एक जोडपं उभं होतं. पुरुषाच्या कमरेला नुसतं धोतर, बाईच्या डोक्यावर पदर. दोघंही फाटकाकडं असं बघत होते जसं कुणी आतून हाक मारणार आहे. बाईनं पाटी पाहिली होती, मला पाहिलं होतं. मी पडदा बाजूला करून तिच्याकडं बघून हसले. ती हसली नाही. मला वाटलं, शिष्टच दिसते.

आत पायऱ्यांपुढं शिपाई रांगेत उभे होते. जमादार पाटी घेऊन पहिल्यांदा दफ्तरीपुढं गेला आणि त्याच्या नंबरचा पट्टा त्याच्यापुढं धरला. काहीतरी बोलला. ते मला लांबून ऐकू आलं नाही, पण नंतर पुष्कळदा ऐकवलं गेलं: “बांधतोस का नाय म्हणतोस? नाय म्हण. मोठ्यानं म्हण.”

इथं सगळी मेख होती. पट्टा जवळ नाही म्हणणं वेगळं आणि समोर धरलेला पट्टा बांधत नाही म्हणणं वेगळं. पहिल्याला विसरभोळेपणा म्हणतात, दुसऱ्याला बंड. बंडाची शिक्षा त्याच दिवशी, आणि बायकापोरं खोलीबाहेर. दफ्तरी नुसता उभा राहिला. त्याच्या शेजारचा एक म्हातारा पाणीवाला होता, त्यानं हात पुढं केला. त्यानं बांधला, मग पुढच्यानं बांधला, मग सगळ्यांनी. शेवटी दफ्तरीनं. एकानं बाहीनं डोळे पुसले. टांग्यात बसलेली ती दीडशहाणी मनाशी म्हणाली, ‘बिचारा! आजवर कुणी त्यांच्यासाठी एवढं केलं नसेल.’

मोटार आली. बडे साहेब उतरले. लेक्चररांची रांग एकीकडं, शिपायांची दुसरीकडं. बिल्ले असे लकाकत होते की साहेबांनी डोळे बारीक केले. एका शिपायापुढं थांबले, वाकून बिल्ला पाहिला, मोठ्या साहेबांकडं वळून काही बोलले आणि दोघंही हसले. मग सगळे आत गेले. संपलं. लिंबाखाली माझ्या शेजारीच कुणी तरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला. मी टांगेवाल्याला म्हटलं, “चल आता.”

घरी येऊन शिरा केला. केशर घालून केला.

हे परत आले तेव्हा कमरेला बगलूस तसाच होता. शिऱ्याच्या ताटाकडं त्यांनी पाहिलं आणि मग माझ्याकडं.

“कुणी सांगितलं होतं तुला?”

“सांगायला कशाला लागतं? दिसत होते ना काळे.”

“शिस्तीची तारीफ करून गेले ते! ‘माशाअल्ला, असं कॉलेज सगळ्या राज्यात नाही!’ आणि चहा पिता पिता फर्राशाला काढायला मंजुरी देऊन टाकली. तुझ्या चिंचेवर!”

मग पहिल्यांदा त्यांनी मला सगळं सांगितलं. पट्टे कशाला होते, प्रश्न कुठला हवा होता, फर्राशानं काय म्हटलं होतं. ओरडून सांगितलं, पण सांगितलं. मी दारातल्या सासूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “मी तर न्हाणीघराकडं फिरकलेसुद्धा नाही. आल्या दिवसापासून सांगतेय, ही मुलगी आगाऊ आहे.”

तेवढ्यात दफ्तरी आला. तो ओसरीवर चढला नाही. पायरीखाली उभा राहून म्हणाला, “प्रोफेसर साब, हमकू बेचना था तो पहले बोल देते. हमीच पट्टे बाँधके खड़े रहते.”

“दफ्तरीसाब, माझ्या घरात चूक झाली. बायकोला काही ठाऊक नव्हतं हो.”

“ठाऊक नव्हतं?” म्हातारा एकदम मराठीत आला. मला कळावं म्हणूनच असेल. “तुमच्या घरात आमची इज्जत ठेवली, आन् घरातल्या बाईला सांगितलं नाय? मग ठेवली कशाला? पोत्यात काय बटाटे होते?” ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही. “आता जुम्म्याला पान आम्ही आमच्या घरी खाऊ.”

तो गेल्यावर हे माझ्यावर असे उसळले की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मी वाटोळं केलं, माझ्यामुळं एका माणसाच्या पोटावर पाय आला, चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी ऐकत होते आणि माझी नजर त्या बक्कलावर होती. मीच घासलेलं.

“तुमच्या कमरेला काय आहे हो?” मी विचारलं.

“काय?”

“बगलूस आहे ना? तुम्हीही रांगेतच होता. पट्टे बांधलेले दिसले तेव्हाच कळलं असेल, आता प्रश्न येत नाही. मग तिथल्या तिथं हा सोडून खाली टाकायचा. बडे साहेब थांबले असते आणि विचारलं असतं, ‘रियाझीवाले, तुमचा बगलूस कुठंय?’ हवा होता तो प्रश्न मिळाला असता.”

त्यांचा हात बक्कलापाशी गेला आणि तिथंच राहिला.

“माझी नोकरी गेली असती,” ते म्हणाले.

“फर्राशाची गेलीच की.”

सासूबाई ओरडल्या, “नवऱ्याला उलट बोलतेस?” हे आत गेले आणि बगलूस काढून खुंटीला अडकवला.

इथं आमच्या नातीचे लोक टाळ्या वाजवतील, म्हणून आधीच सांगते: वाजवू नका. ते मी फर्राशासाठी बोलले नव्हते. भांडण जिंकायला बोलले होते, आणि जिंकले म्हणून त्या अवस्थेतही मला आतून बरं वाटलं होतं. फर्राशाची आठवण तेव्हा माझ्या मनाला शिवलीही नव्हती. वर तो शिराही मीच खाल्ला.

पुढच्या जुम्म्याला ओसरी रिकामी राहिली. त्याच्या पुढच्याही. हे पानाचं तबक पुढं घेऊन एकटेच बसत आणि रस्त्याकडं बघत. कॉलेजात शिपाई ह्यांना सलाम करीत, पूर्वीपेक्षा जास्त वाकून करीत. इतकं वाकून, की त्या सलामात शिवी होती. ह्यांच्या टेबलावर पाणी वेळेवर येई, फळा पुसलेला असे, कशात खोट काढायला जागा नाही आणि कुणी एक शब्द बोलत नाही. जमादार मात्र हसून बोलायचा. ‘वहिनीसाहेब बऱ्या आहेत ना?’ म्हणून सगळ्यांसमोर विचारायचा. मोठ्या साहेबांनी तर एकदा ह्यांना बोलावून माझ्याबद्दल चांगले उद्गार काढले. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

फर्राश खोली सोडून चालला आहे असं कळलं तेव्हा मी सासूबाईंना न विचारता निघाले. हे एवढं एकच मी त्या प्रकरणात कुणाला न विचारता, शाबासकीची आशा न धरता केलं, पण त्यातही अक्कल नव्हतीच. शिधा बांधून घेतला होता. डाळ, तांदूळ, गुळाची ढेप. जसं काही सत्यनारायणाला बोलावलंय.

खोलीपुढं बैलगाडी उभी होती, पिशोरला परतणारी. फर्राश गाडीत गोधड्यांचं गाठोडं बांधत होता. मला पाहून त्यानं दोर जास्तच आवळला आणि पाठ फिरवली. त्याची बायको उंबऱ्यात उभी होती. लिंबाखाली हसली नव्हती ती हीच, हे मला तेव्हा कळलं. आवारातल्या बाकीच्या बाया दारादारांतून बघत होत्या. कुणी ‘या’ म्हटलं नाही.

“कशाला आलात?” ती म्हणाली.

“मला ठाऊक नव्हतं गं. खरंच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं मला.”

“व्हय. समद्या गावाला ठावं, तुमालाच नाय.”

“हे एवढं ठेव. वाटेला होईल.”

तिनं गाठोड्याकडं पाहिलं नाही. “पिशोरला दाणं हायेत. हितं आमची खोली व्हती. ती द्या, देता येत असंल तर.”

शेजारच्या दारातून कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे की, मोठ्या घरची हाय.” आणि दुसरी म्हणाली, “मोठ्या साहेबाच्या बी लाडाची हाय.” सगळ्या हसल्या. तो शिधा माझ्या हातात इतका जड झाला की कुठं ठेवू कळेना. मी रडायला लागले. मला वाटतं, रडले की माफी मिळते असंही मी माहेरीच शिकले होते.

“मी वाईट मनानं नव्हतं केलं,” मी म्हटलं.

ती उंबरा उतरून माझ्यापुढं आली. आवाज चढवला नाही. गाडीवान ‘चला’ म्हणत होता, त्याला हातानं थांबवलं, आणि मला म्हणाली, “तुमी वाईट असत्या तर बरं झालं असतं, बाई. वाईट मान्सापासून आमी जपून ऱ्हातो. तुमच्यासारख्या चांगल्या मान्सापासून कसं जपावं, ते आमाला कुनी शिकिवलंच नाय.”